बिल्ला

पहाटे पाचला शटर वर केलं
तर दूध केंद्राचा संगणक
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं घेऊन अडून बसलेला.
रात्री अपडेट झालं होतं. नवा कर्नल आला होता,
आणि त्याला हिशोबाची डिस्क सापडत नव्हती.

बाहेर कॅनची रांग,
चुलबंदेवरून आलेलं धुकं तणसाच्या ढिगांवर बसलेलं.
फॅटची मशीन चालू, काटा चालू,
फक्त कोणाचं किती ते सांगणारा मुका.

"काऊन जी, बंद पडला का?" रेवाराम कापगते.
"बंद नाही. बिथरला."

नणंदेच्या मुलाला नागपुरात झोपेतून उठवलं.
"मामी, बी तर रिकामीच ना? दिवाळीत घेतलेली?
नक्कल काढायला?"
(नक्कल अजून काढलीच नव्हती, ते मी बोलले नाही.)
"तीच अडवत असेल. फॉरमॅट मार, ए आपोआप उठेल."
मी सगळं टाइप केलं,
शेवटचं बटण तेवढं राहिलं.

खिडकीत रेवाराम अजून उभाच.
"नवी म्हैस आणली जी, लाखनीच्या बाजारातून. लिहून घ्या."
"नाव?"
"तिकडं चांदी म्हणत. आमच्या घरी मैना.
आजून हाकेला येत नाही, नावात का हाय!
कानातला बिल्ला पाहा, तो तोच हाय."
आणि टॉर्चच्या उजेडात त्यानं
तळहातावर पेनानं लिहून आणलेले बारा आकडे धरले.

माझं बोट बटणावरून उचललं गेलं.

ए आणि बी ही नावं ठेवली कोणी?
कर्नल रोज दारात उभा राहून हाक मारतो.
जो आधी ओ देतो तो ए,
मागून येईल तो बी.
इतकी वर्षं जुनी डिस्कच आधी ओ द्यायची, एकटीच होती.
दिवाळीनंतरही जुना कर्नल आधी तिच्याच दाराशी जायचा.
नवा दुसऱ्या बाजूनं सुरू झाला,
आणि नवी पोर आवाज न करता पुढं झाली.
म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून, घरघरत, मागून उठली
तोवर तिचं नाव दिलं गेलं होतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं
माझंही एक नवं नाव लिहिलं होतं.
माहेरचं कोणी बाजारात जुन्या नावानं हाक मारतं
तेव्हा आधी मान वळते,
पदर मागून सावरला जातो.

टाइप केलेलं एकेक अक्षर मागं जात पुसलं.
मग दोघींनाही बिल्ला विचारला.
हा लांबलचक, मधे आडव्या रेघा,
आकड्यांत अक्षरं घुसलेली.
बी नावाच्या डिस्कमध्ये, फक्त वाचायला, हळूच डोकावले:
अकरा वर्षांचं दूध.
खुरी आली त्या सालचे कोरे रकाने.
रेवारामच्या आईचं अर्धा लिटर, रोज,
ती गेली त्या मंगळवारपर्यंत.

हात थरथरले, ते थंडीनं नव्हे.

जिथं नाव होतं तिथं बिल्ला लिहिला.
चुकू नये म्हणून आधी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला,
रेवारामच्या म्हशीच्या खाली.
सव्वासातला पडदा उजळला.
तोवर सगळं कार्बन घालून हातानं.
गजबे मास्तरांचं साडेतीन मी तीन लिहिलं,
ते महिनाभर बोलत होते.

मार्चअखेर सचिव आले, चष्मा नाकावर, वही चाळत.
"हा बिल्ला कोणाचा? यात अक्षरं कशी?"
"केंद्राचीच हाय जी."
"विमा काढला का?"
"नक्कल काढली."
त्यांना काही समजलं नाही, पण पान उलटता उलटता थांबले.
"दूध किती देते?"

मी मशीनची नळी धूत होते.
"हिशोब देते," म्हटलं.